बोर्ड : लॉजचं, वाशीचं, स्विचचं – एकच शब्द की चार?

नौपाडेकर
ठाणे स्टेशनच्या आसपास जुन्या हॉटेलांवर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ अशी पाटी असते. बोर्डिंग म्हणजे राहणं आणि लॉजिंग म्हणजेही राहणं, मग दोन शब्द कशाला? पुढची यादी: विमानाचा बोर्डिंग पास, दहावी-बारावीचं वाशीचं बोर्ड, भिंतीवरचा स्विचबोर्ड, सुताराचा ब्लॉकबोर्ड, कंपनीचं बोर्ड ऑफ डायरेक्टर्स, क्लबातला कॅरमबोर्ड. शिवाय हल्ली महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत ‘मी ऑन बोर्ड आहे’ म्हणजे ‘मला मान्य आहे’. हे सगळं एका मुळावरचं, की उच्चार सारखा म्हणून एकत्र आलेले वेगळे शब्द? जाणकारांनी फोड करून सांगावी.

शब्दखोर
फळी. तिथून सुरुवात करा.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे चिरलेली सपाट फळी. मध्ययुगात इंग्लंडातल्या मोठ्या घरांतही जेवणाची टेबलं बरेचदा कायमची नसत. तिकाटण्यांवर फळ्या टाकायच्या, जेवण झालं की उचलून भिंतीला लावायच्या. म्हणून फळी म्हणजेच टेबल. टेबलावर मिळतं ते जेवण, तेही बोर्ड. टेबलाभोवती बसून ठरवतात ती माणसं, तीही बोर्ड. लॉजचं बोर्डिंग, कंपनीचं बोर्ड आणि वाशीचं बोर्ड ही तीन इथली.

दुसरी शाखा जहाजाची. जुन्या जर्मानिक भाषांत ‘फळी’ आणि ‘कड, जहाजाची बाजू’ अशा अर्थांचे दोन सारखेच शब्द होते. ते मुळात एकच की दोन, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इंग्रजीत मात्र ते कधीच मिसळून गेले. तुमचा बोर्डिंग पास आणि ‘ऑन बोर्ड’ या शाखेवरचे. स्विच, ब्लॉक आणि कॅरम थेट फळीचेच.

शेजारच्या भाषांत बघा: स्वीडिशमध्ये ‘बोर्ड’ म्हणजे आजही टेबल, आणि डचमध्ये जेवायचं ताट! स्वीडिश ‘स्मॉर्गसबोर्ड’ म्हणजे लोणी-पावाच्या पदार्थांनी मांडलेलं टेबल. फ्रेंचांनी कडेचा अर्थ उचलला, आणि त्यातून फिरून इंग्रजीत आला तो ‘बॉर्डर’.

टवाळखाना
एवढं वाचून बोर्ड झालो.

शब्दखोर
@टवाळखाना, तो ‘बोअर्ड’. त्याचा फळीशी काही संबंध नाही. तुमचा मात्र दिसतोय.

कोपरीची_अन्नपूर्णा
लॉजच्या पाटीचं सरळ आहे. लॉजिंग म्हणजे खोली, बोर्डिंग म्हणजे जेवण. ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ म्हणजे जेवणासकट खोली. नुसतं ‘लॉजिंग’ असेल तर जेवण बाहेर.

हॉटेल बुक करताना हेच आजही लागतं, फक्त नावं बदललीत. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक मुख्य जेवण, यालाच ‘हाफ बोर्ड’ म्हणतात. एपी म्हणजे तिन्ही वेळचं, म्हणजे ‘फुल बोर्ड’. गोची होते ती हाफ बोर्डात. ते एक जेवण बहुतेक ठिकाणी रात्रीचं असतं. दिवसभर फिरून दुपारी हॉटेलवर ताट मागितलं की वेगळं बिल. दुपारचंच हवं असेल तर बुकिंगच्या वेळी लिहून घ्यावं. आणि फुल बोर्ड म्हणजे ‘सगळं फुकट’ नव्हे. बाटलीबंद पाणी, सरबतं, दोन जेवणांच्या मधलं खाणं बहुधा त्यात धरत नाहीत.

इतिहासाचा_कीडा
मराठीत ‘बोर्डिंग’ला एक वेगळीच प्रतिष्ठा आहे, ती विसरू नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं तिथे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेलं शाहू बोर्डिंगही याच वळणाचं. गावाकडच्या पोराला शहरात शाळा मिळायची, पण जेवायचं कुठे? वार लावून जेवणं ही एक सोय होती, पण ती ज्याच्या-त्याच्या जातीच्या घरापुरती. त्यामुळे ‘बोर्ड’ म्हणजे जेवण हा अर्थ या संस्थांच्या गाभ्यातच आहे. आपण मात्र बोर्डिंग म्हणजे वसतिगृह एवढंच धरून बसलो. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘तो बोर्डिंगात शिकला’ हे वाक्य येतं, त्यात जेवणाची सोयही आलीच.

८_१४_फास्ट
आणि गाडीत चढण्याला ‘बोर्डिंग’ का म्हणतात? तिथे ना टेबल, ना जेवण. ८.१४ ला तर पाय टेकायला फळीसुद्धा मिळत नाही.

शेवाबंदर
इथे जहाजाची शाखा लागते. ‘टू बोर्ड’ या क्रियापदाचा एक जुना अर्थ असा: शत्रूच्या जहाजाच्या कडेला आपलं जहाज भिडवायचं, आकडे टाकायचे आणि माणसं घुसवायची. आधी हल्ला, मग नुसतं चढणं. जहाजावरून शब्द आगगाडीत गेला, तिथून विमानात. ‘ऑल अबोर्ड’ ही अमेरिकी गार्डांची आरोळीही बंदरातूनच आलेली.

८_१४_फास्ट
म्हणजे ठाण्याला सकाळी मूळ अर्थाने बोर्डिंग चालतं. धन्यवाद, शंका फिटली.

टवाळखाना
आकडे टाकायची तेवढी सोय व्हायला हवी.

शेवाबंदर
जहाजाच्या बाजूचा विषय निघालाच आहे तर नीट लिहितो, कारण ‘बोर्ड’ तिथे सगळीकडे दडलाय.

स्टारबोर्ड म्हणजे जहाजाची उजवी बाजू, पुढे तोंड करून उभं राहिल्यावर. त्यात तारा-बिरा काही नाही. जुन्या इंग्रजीतला शब्द ‘स्टेओरबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू. मागच्या मधोमध बसवलेलं सुकाणू येण्याआधी मोठं वल्हं उजव्या अंगाला बांधून त्याने दिशा देत. ते वल्हं धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज डाव्या बाजूने धक्क्याला लावायचं, माल तिकडूनच चढायचा. त्या बाजूला पुढे ‘लारबोर्ड’ म्हणू लागले. वादळात ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ ओरडून सांगितलं तर ऐकणाऱ्याला फरक कळेना, आणि चुकीच्या बाजूला सुकाणू वळलं की संपलंच. ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये ‘लारबोर्ड’ बाद करून ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीचा केला. रात्रीचे दिवे: पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. समोरून येणाऱ्याचा फक्त लाल दिसला तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे.

आउटबोर्ड इंजिन दिवाळे, सारसोळेच्या कोळी बांधवांना सांगायला नको. जे बोटीच्या कडेबाहेर, मागच्या आडव्या फळीला पकडीने अडकवतात ते आउटबोर्ड. पोटात बसवलेलं ते इनबोर्ड.

आणि फ्रीबोर्ड. पाण्याच्या पातळीपासून डेकपर्यंत जहाजाची जी बाजू पाण्याबाहेर राहते ती उंची. माल भरत जाल तशी ती घटते. मालक लोभापायी जहाजं ठासून भरत आणि ती बुडत, म्हणून सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी ब्रिटिश संसदेत लढा दिला. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भारखूण रंगवणं बंधनकारक झालं. न्हावा-शेवाला लागणाऱ्या कंटेनर जहाजांच्या मध्यभागी वर्तुळ आणि त्यातून आडवी रेघ दिसते ना, तीच. शेजारी शिडीसारख्या आणखी रेघा असतात, कारण गोड्या पाण्यात जहाज जास्त खोल बसतं आणि हिवाळी समुद्रात जास्त फ्रीबोर्ड लागतो.

घणसोली_सेक्रेटरी
फ्रीबोर्ड हा शब्द आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या ड्रॉइंगवरही आहे! तो हाच का? प्लंबर म्हणतो ती ‘वेस्ट जागा’ आहे, बॉलकॉक वर सरकवून भरून घेऊ.

शेवाबंदर
शब्द तोच. टाकीचं स्थापत्यवाल्यांनी सांगावं.

काँक्रीट_कट्टा
@घणसोली_सेक्रेटरी, वर सरकवू नका.

टाकीतली पूर्ण भरल्याची पातळी आणि वरच्या स्लॅबची खालची बाजू यांतलं अंतर म्हणजे फ्रीबोर्ड. साधारण ३०० मिमी ठेवतात. त्या जागेची तीन कामं. पाणी जोरात पडताना उसळतं, त्याला जागा. बॉलकॉकचा दांडा वर-खाली व्हायला जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, येणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याच्या वर राहतं. ते तोंड बुडालं आणि पालिकेच्या लाइनचा दाब गेला, तर टाकीतलं पाणी उलटं लाइनीत ओढलं जाऊ शकतं. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपाच्या खाली आणि त्याहून एक माप मोठा हवा, नाहीतर बॉलकॉक अडकला की पाणी झाकणातून जिन्यात.

क्षमतेचा हिशेबही इथेच चुकतो. टाकी आतून ५ मीटर × ४ मीटर × २.५ मीटर असेल तर कागदावर ५०,००० लिटर. फ्रीबोर्डचे ३०० मिमी वजा केले की ५ × ४ × २.२, म्हणजे ४४,००० लिटर. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपाचं पाणी ओढणारं तोंड, तळापासून १५० मिमी वर असेल तर खालचं आणखी ३,००० लिटर पंपाला मिळत नाही. वापरायला ४१,००० लिटर. टँकर मागवताना हा आकडा धरा.

घणसोली_सेक्रेटरी
छापून लिफ्टमध्ये लावतो. आभार.

मनोरमा_खारीगाव
धागा कुठून कुठे गेला! मूळ विषयाकडे येऊन सांगते, आपला ‘कपाट’ हा शब्दही ‘कपबोर्ड’वरूनच आलाय. कप ठेवायची फळी ती कपबोर्ड, त्याचं मराठीत कपाट.

शब्दखोर
मनोरमाताई, अर्धं बरोबर. कपबोर्ड म्हणजे आधी खरंच कप-बशा-भांडी मांडायची उघडी फळी किंवा टेबल. दारं नंतर लागली आणि ‘प’ उच्चारातून गळाला, म्हणून इंग्रज ‘कबर्ड’ म्हणतात. पण कपाट संस्कृत आहे. तिथे कपाट म्हणजे दाराची फळी, कवाड. केदारनाथाचे ‘कपाट उघडले’ ही हिंदी बातमी दर वर्षी वाचता, तिथे फडताळ उघडलेलं नसतं. ‘कवाड’ हा त्याच शब्दाचा झिजलेला अवतार. दाराच्या फळीवरून मराठीत दारवाल्या फडताळाला नाव मिळालं. इकडेही फळी आणि तिकडेही फळी, एवढा योगायोग मात्र आहे.

मनोरमा_खारीगाव
तरीही माझं मत आहे की ध्वनिसाम्यामुळे मराठीत ‘फडताळ’ मागे पडून ‘कपाट’ पुढे आलं असावं.

शब्दखोर
तसं म्हणायला पुरावा लागेल. ‘फडताळ’ मागे पडलं कारण भिंतीतली कोनाडेवजा फडताळंच गेली.

रंधा
सुतारकामात नुसतं ‘बोर्ड’ म्हटलं तर ब्लॉकबोर्ड. प्लाय वेगळा. इथे लोक फसतात म्हणून लिहितो.

प्लाय म्हणजे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले. ब्लॉकबोर्ड म्हणजे मधे लाकडाच्या पट्ट्या शेजारी शेजारी, दोन्हीकडून पापुद्रे. दोन्ही ८ × ४ फुटात येतात, म्हणजे एका शीटचे ३२ चौरस फूट. लांब शटर, वॉर्डरोबची दारं ब्लॉकबोर्डची करावीत. हलका राहतो आणि सात फूट उंचीला प्लायपेक्षा कमी वाकतो. खोकं, म्हणजे आतला सांगाडा, प्लायचा. किचनमध्ये सिंकखाली पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला, तर अजिबात नको, कडेने पाणी शिरलं की फुगतो आणि परत बसत नाही.

काय चुकतं: बाहेरून १ मिमी लॅमिनेट लावतात आणि आतून पैसे वाचवायला नुसता रंग. एका बाजूला ताण, दुसऱ्या बाजूला काही नाही, पहिल्याच पावसाळ्यात शटरला बाक. आतूनही ०.८ मिमी लॅमिनेट लावाच. दुसरं, ब्लॉकबोर्डात पट्ट्यांमध्ये फटी असतात. बिजागरीच्या वाटीचं ३५ मिमीचं भोक नेमकं फटीवर आलं की स्क्रू धरत नाही, दार महिन्यात लोंबतं. दुकानात कापलेली कड बघा आणि वरून बोटाने ठोकत जा, पोकळ आवाज आला तर शीट परत. सात फुटी शटरला चार-पाच बिजागऱ्या, तीन नाही.

शीटवरचा आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा, नंबर वाचा. १६५९ ब्लॉकबोर्डचा, ३०३ साध्या प्लायचा, ७१० मरीन प्लायचा. नुसतं ‘मरीन’ छापलं आणि ७१० नाही तर ते नाव विकण्यापुरतं. ७१० च्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात, तरी डिंक सुटता कामा नये.

शेवाबंदर
मरीन प्लाय! म्हणजे ब्लॉकबोर्डच्या दुकानातही जहाज आहेच.

इतिहासाचा_कीडा
संस्था या अर्थाने: इंग्रजीत सोळाव्या शतकापासून ‘बोर्ड’ म्हणजे टेबलाभोवतीची समिती. आपल्याकडे १८८४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने लोकल बोर्डं आली. ‘लोकल बोर्डाची शाळा’, ‘लोकल बोर्डाचा रस्ता’ हे ठाणे जिल्ह्याच्या जुन्या कागदांत सतत भेटतं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि तो शब्द संपला. रेल्वे बोर्ड १९०५ चं. आपलं राज्याचं शिक्षण बोर्ड १ जानेवारी १९६६ पासूनचं, मुख्यालय पुण्यात, आणि मुंबई विभागाचं कार्यालय वाशीला. अधिकृत नावात ‘मंडळ’ आहे, म्हणजे वर्तुळ. इंग्रज टेबलाकडे बघतात, आपण त्याभोवतीच्या गोलाकडे.

नौपाडेकर
एक गंमत लक्षात आली. आपण ‘बोर्ड वाचला का?’ म्हणतो तेव्हा तो बोर्ड, पुल्लिंगी. ‘तुझं बोर्ड कोणतं?’ म्हणतो तेव्हा ते बोर्ड, नपुंसकलिंगी. लाकडी वस्तू तो, संस्था ते. असं ठरवलं कुणी?

शब्दखोर
कुणी नाही. वस्तूला ‘फळ्या’चं लिंग लागलं, संस्थेला ‘मंडळा’चं, असं म्हणता येईल. पण कोपऱ्या-कोपऱ्यावर वेगळं ऐकू येईल. ‘स्विचचं बोर्ड’ म्हणणारेही भरपूर आहेत.

मनोरमा_खारीगाव
‘म्हणता येईल’ला पुरावा लागत नाही वाटतं!

टवाळखाना
ताई, एक नंबर.

शब्दखोर
मान्य, तो नुसता अंदाज आहे. वाक्प्रचार तेवढे नोंदवतो, त्यात दोन्ही शाखा दिसतात. ‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे उघड, स्वच्छ व्यवहार. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, खाली लपवाछपवी नाही. ‘स्वीप द बोर्ड’ म्हणजे टेबलावरचा सगळा डाव जिंकणं. ‘गो बाय द बोर्ड’ मात्र जहाजाचं: डोलकाठी मोडून कडेवरून समुद्रात गेली, म्हणजे कायमची गेली. ‘अक्रॉस द बोर्ड’ घोड्यांच्या शर्यतीतलं, एकाच घोड्यावर पहिला, दुसरा, तिसरा अशा तिन्ही जागांसाठी पैसे लावणं, त्यावरून ‘सरसकट’. आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ‘ब्रेडबोर्ड’ खराच पाव कापायचा पाट होता, हौशी लोक त्यावर खिळे ठोकून सर्किट जोडत.

नौपाडेकर
मग ‘मी ऑन बोर्ड आहे’ हे जहाजाचंच ना?

शेवाबंदर
जहाजाचंच. एकदा चढलात की कप्तानाची दिशा तीच तुमची. ऑफिसातलं ‘ऑनबोर्डिंग’ही त्यातलंच, नव्या माणसाला जहाजावर घेणं. ओव्हरबोर्ड कसं टाकतात ते तिथलं एचआर सांगेल.

वायरमन_ऐरोली
स्विचबोर्डाचं कुणी लिहिलंच नाही. सुरुवातीला स्विच, फ्यूज, मीटर उघडेच लाकडी फळीवर किंवा पाटीच्या दगडावर, संगमरवरावर बसवायचे, म्हणून बोर्ड. मग लाकडी पेटी आणि वर हायलमची, म्हणजे कडक प्लॅस्टिकसारखी, शीट, आता मोड्यूलर प्लेट. नाव राहिलं. आम्ही अजून ‘बोर्ड भरणं’ म्हणतो, स्विच बसवून, ते वायरने एकमेकांना जोडून (लूपिंग) बोर्ड तयार करणं.

मोड्यूलचा, म्हणजे प्लेटवरच्या खाचांचा, हिशेब: स्विच १, सॉकेट २, पंख्याचा रेग्युलेटर बहुधा २. म्हणजे ८ मोड्यूलच्या प्लेटमध्ये चार स्विच, एक सॉकेट, एक रेग्युलेटर. वाढीव काही हवं तर आधीच १२ चा बॉक्स भिंतीत घाला, नंतर फोडाफोड. १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ चौ. मिमीची तांब्याची वायर, लाइटला १.५. आणि डीबीत, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डात, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, हवाच. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, वायर वाचवतो, माणूस नाही.

घणसोली_सेक्रेटरी
एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन शेगडी चालते का? आमच्याकडे दोन घरांत बोर्ड वितळले.

वायरमन_ऐरोली
वितळणारच. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला जवळपास ८.७ अँपिअर खेचते. साधा एक्स्टेंशन ६ अँपिअरचा, आत ०.७५ ची वायर. वर लोक वायरची गुंडाळी तशीच ठेवतात, उष्णता बाहेर पडत नाही. खाडीच्या हवेने पितळी पट्ट्या काळ्या पडून सैल झालेल्या असतात, तिथे ठिणगी उडते आणि आधी तिथलंच प्लॅस्टिक जातं. शेगडी थेट भिंतीतल्या १६ च्या सॉकेटवर लावा. तो ओट्यापाशी नसेल तर डीबीवरून वेगळी लाइन ओढून घ्या, तिला १६ चा एमसीबी. तीन पिनी जाड टॉप, म्हणजे प्लग, असताना बारीक सॉकेटचा ॲडॉप्टर लावला तर पुन्हा तेच होणार.

घणसोली_सेक्रेटरी
हेही लिफ्टमध्ये लावतो.

टवाळखाना
आता लिफ्टमध्ये नोटीस बोर्ड कुठल्या लिंगाचा लावणार तेवढं ठरवा.